फाइल आहे, पण शोधात सापडत नाही

प्रश्न : घरच्या संगणकावर ‘डी’ ड्राइव्हमध्ये वडिलांचे जुने लेख आहेत; विंडोज ११च्या शोधचौकटीत ‘पाऊस’ लिहिले, तर त्यांतला एकही लेख का दिसत नाही?

उत्तर : विंडोज सहसा डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा मोजक्याच फोल्डरांची सूची ठेवते, म्हणून कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ निवडून ‘डी’ ड्राइव्हवर खूण करावी. मात्र खरी अडचण मला फॉन्टची वाटते. लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) टंकलेले असतील, तर पडद्यावर ‘पाऊस’ दिसला तरी फाइलमध्ये रोमन अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात आणि आपण टंकलेला शब्द त्यांच्याशी जुळत नाही. एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. अगम्य चिन्हे उमटली, तर मूळ प्रती जपून ठेवून लेख युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत. वडिलांचे लेखन आहे, तेव्हा रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून अवश्य घालावीत.