हप्त्यावरचा नवा लॅपटॉप की भिशीच्या पैशांतला जुना डेस्कटॉप?

प्रश्न : आम्ही कोपरखैरणेला माथाडी वसाहतीत राहतो. यजमान तुर्भ्याच्या फळ बाजारात माथाडी आहेत, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. मुलगी यंदा बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षाला गेली, मुलगा नववीत आहे. मुलीला लॅपटॉप हवा आहे. दुकानात ४६,९९० रुपयांचा नवा लॅपटॉप नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. बारा हप्ते, महिना ३,९१६. कार्ड दीर देतायत, पण सेल संपायच्या आत ठरवा म्हणतात. ओळखीतले एक जण वापरलेला आय५ लॅपटॉप, सिक्स्थ जनरेशनचा, १४,००० ला देतायत. की सरळ ६०,००० ची एफडी मोडून रोखीनं घ्यावा? खात्यात १२,००० आहेत. बारा जणींची २,००० ची भिशी आहे, माझा नंबर नववा, दोन महिन्यांनी लागेल. घरखर्च महिना २८,०००, भिशीचे वेगळे. माझा पगार ११,०००. यजमानांचे बाजार भरात असला की ३२,००० पर्यंत येतात, मंदीत १७,०००. वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप आहे. मुलीला काय सांगू?

उत्तर : ताई, तुम्ही आकडे न लपवता लिहिलेत म्हणून उत्तरही सरळ देता येतं. नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. एफडीला हात लावू नका. १४,००० चा लॅपटॉपही नको. भिशी लागेपर्यंत दोन महिने थांबा आणि त्या पैशांत कंपनीतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा छोटा डेस्कटॉप घ्या. मॉनिटर, यूपीएस धरून साधारण २३,००० मध्ये बसेल. आता हे का, ते सांगतो.

तुमच्या घराची सरासरी कमाई बघून हप्ता ठरवला तर चूक होईल. हप्ता मंदीच्या महिन्यावर ठरवायचा असतो. यजमानांचे १७,००० आणि तुमचे ११,००० मिळून २८,००० होतात, आणि तेवढाच घरखर्च आहे. म्हणजे भिशीचे २,००० भरतानाच ओढाताण होत असणार. त्यात ३,९१६ चा हप्ता आला की त्या महिन्यात ५,९१६ कमी पडतील. हापूसचा हंगाम सरला की फळ बाजारातलं काम ओसरतं, हे यजमान माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. बारा हप्त्यांत असे महिने येणारच. दुकानदाराच्या आणि बँकेच्या लेखी मात्र सगळे महिने सारखे.

‘नो-कॉस्ट’मध्येही थोडी कॉस्ट असते. बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट कंपनी किंवा दुकानदार किमतीत आधी देतो, म्हणून बेरीज ४६,९९० दिसते. व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला तर त्या हप्त्यांत सुमारे ३,६०० रुपये व्याज आहे. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, तो साडेसहाशेच्या आसपास. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. असे आठ-नऊशे रुपये दिरांच्या बिलात वेगळे दिसतील, आणि ते कोणी द्यायचे यावरून घरात अवघडलेपण येईल. शिवाय काउंटरवर अँटिव्हायरस, वाढीव वॉरंटी, स्क्रीनचा विमा हे एकेक जोडलं जातं. विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतो, वेगळा विकत घ्यायची गरज नाही.

मला जास्त काळजी वाटते ती कार्ड दिरांचं आहे याची. एखाद्या महिन्यात तुमच्याकडून पैसे उशिरा गेले आणि त्यांनी बिल पूर्ण भरलं नाही, तर उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांना महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे व्याज चढतं. सिबिल स्कोअर खराब होणार तोही त्यांचा. उद्या त्यांना घरासाठी कर्ज लागलं तर तुमच्या लॅपटॉपचा उशिरा गेलेला हप्ता आडवा येईल. मदत करायची त्यांची इच्छा मनापासून आहे, पण दिराशी असलेलं नातं या व्यवहारात गुंतवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एफडीचं म्हणाल तर मोडल्यावर व्याज थोडं कमी मिळतं, साधारण एक टक्का कापतात. ते फार मोठं नुकसान नाही. प्रश्न वेगळा आहे. यजमानांची कमाई त्यांच्या पाठीवर आणि खांद्यावर चालते. पेटी उचलताना कंबर धरली आणि दीड-दोन महिने बसावं लागलं, तर घर कशावर चालेल? तुमच्या घराला किमान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ८४,००० हाताशी हवेत. आज एफडी आणि खातं मिळून ७२,००० आहेत. आधीच बारा हजार कमी आहेत. त्यातून ४७,००० काढले तर उरतात २५,०००, एक महिनाही निघणार नाही. म्हणून ती एफडी संगणकासाठी नाही. मुलीच्या फीसाठीसुद्धा सहज मोडू नका.

आता १४,००० चा लॅपटॉप. स्वस्त वाटतो, आय५ हे नावही चांगलं वाटतं. पण आय५ हा इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, गेली कितीतरी वर्षं निघतोय, आणि सगळे आय५ सारखे नसतात. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीच्या मशीनवर काही दुकानदार आडमार्गानं विंडोज ११ टाकून देतात आणि ते चालूही होतं. पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर तो लॅपटॉप छान चालेल, पण एवढ्या वर्षांची बॅटरी, सैल बिजागर आणि झिजलेला की-बोर्ड कायम राहणार. नवी बॅटरी घातली की आणखी दोन-अडीच हजार गेले. सहा-सात हजारांत देत असते तर विचार करा म्हटलं असतं. चौदात नको.

मी सुचवतोय त्या मशीनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मुलीच्या मनात डेस्कटॉप म्हणजे टेबलाखालचा मोठा डबा असेल. मोठ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी सगळे संगणक एकदम बदलतात. ती मशीन व्यापाऱ्यांकडे येतात, साफ होतात, नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घालून विकली जातात. त्यांत डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे मिनी आणि लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी मिळतात. साधारण १८ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड, जाडजूड वहीएवढा. स्टँड घेतला तर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसतो. तुमच्या घरात खिडकीजवळ एक फळी ठोकली तरी जागा होते. मुलीचं झालं की मुलगा बसू शकतो, आणि मशीन घरातच असल्यामुळे लोकलच्या गर्दीत आपटायची भीती नाही.

हे बघून घ्या. प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा, नुसतं ‘आय५’ नको. आय५-८५०० मध्ये रेघेनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. आय५-१०५०० मध्ये पहिले दोन आकडे, म्हणजे दहावी. आठच्या खालचं काहीही घेऊ नका. रॅम किमान ८ जीबी. दुकानात मशीन चालू करून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एक रिकामा असेल तर पुढे रॅम वाढवता येईल. तेवढ्याच किमतीत १६ जीबी मिळत असेल तर तेच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा बराच माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातोय. म्हणूनच सुटे भाग आणून नवा पीसी जोडून घ्यायची ही वेळ नाही. डिस्क एसएसडीच हवी, २५६ जीबी पुरे.

विंडोज खरं आहे का तेही तिथेच बघायचं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे डिजिटल लायसन्स असं दिसलं पाहिजे. ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेद्वारे’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर ते घरी वापरायचं लायसन्स नव्हे. दुकानदाराला विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडायला सांगा. सेटअप होताना कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना, हेही चालू करून दाखवायला सांगा. ही तपासणी मुलीलाच करू द्या. आयटीची विद्यार्थिनी आहे, तिला जमेल आणि मशीन तिचं होईल.

खर्चाचा अंदाज असा : मशीन १५,५००, जुना २२ इंची मॉनिटर ३,५००, की-बोर्ड आणि माऊस ७००, वाय-फायचा डोंगल ५००, यूपीएस २,८००. झाले २३,०००. डोंगल मुद्दाम धरलाय, कारण कंपन्यांतल्या बऱ्याच मशीनना वाय-फाय नसतं आणि हे घरी आणल्यावरच लक्षात येतं. वेबकॅम धरला नाही, ऑनलाइन तासाला मोबाइल चालेल. यूपीएस मात्र वगळू नका. लॅपटॉपला बॅटरी असते, याला नसते. पावसाळ्यात वीज गेली की जर्नल लिहिता लिहिता काम जाईल. विजेचं बिल फार वाढणार नाही. मॉनिटरसकट ६० वॉट आणि रोज पाच तास धरले तर महिन्याला नऊ युनिट. इंटरनेटसाठी सध्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. ४९९ चं कनेक्शन जीएसटीसह ५८९ होतं, वर्षाला सात हजार. हा खर्च संगणकाच्या किमतीत कोणी धरत नाही, पण तो दर महिन्याला येतो. वर्ड-एक्सेलसारख्या कामांसाठी लिब्रेऑफिस मोफत आहे, आणि प्रोग्रामिंग शिकायला लागणारं बहुतेक सॉफ्टवेअरही मोफतच मिळतं.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात एक चक्कर मारायला हरकत नाही. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. भाव तिथे काढा, पण वाशीत किंवा ठाण्यात हजार-दीड हजाराच्या फरकानं तेच मिळत असेल तर जवळून घ्या. बिघडलं तर मशीन पिशवीत घालून तुम्हालाच न्यायचं आहे. किमान सहा महिन्यांची वॉरंटी आणि जीएसटीचं बिल घ्या, बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. भिशीचे २४,००० हातात पडेपर्यंत कुठेही टोकन देऊ नका. आणि भिशी लागली तरी पुढचे तीन महिने २,००० भरायचे आहेत, हे विसरू नका.

आता मुलीचं. तिची मागणी चुकीची नाही. आयटी शिकणाऱ्या मुलीला स्वतःचं मशीन हवंच, आणि तिला ‘मोबाइलवर भागव’ असं सांगू नका. तिच्यासमोर हे आकडे मांडा, मंदीच्या महिन्याचे सुद्धा. अठरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. दोन महिने कॉलेजच्या लॅबमध्ये जास्तीचा वेळ मिळतो का, हे तिनं शिक्षकांना विचारावं. आणखी एक गोष्ट कॉलेजमध्ये विचारायला सांगा : रोज वर्गात लॅपटॉप आणणं सक्तीचं आहे का? तसं असेल तर माझं उत्तर थोडं बदलेल. मग डेस्कटॉपऐवजी आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, कंपनीतून निघालेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लॅपटॉप घ्या, पण भिशीत थोडी भर घालून रोखीनंच. हप्त्यावर तोही नको.

शेवटच्या वर्षाला इंटर्नशिपसाठी लॅपटॉप लागू शकतो. त्यासाठी भिशीची फेरी संपली की बँकेत १,५०० ची दोन वर्षांची आरडी काढा. ३६,००० आणि वर व्याज जमेल. मंदीच्या महिन्यात एखादा हप्ता चुकला तर फार तर किरकोळ दंड लागेल, आणि तोवर डेस्कटॉप मुलाला दहावीनंतर उपयोगी पडेल.

दिरांना मात्र आजच फोन करा. ते सेलची तारीख धरून बसले आहेत, तुमच्या होकाराआधीच कार्ड वापरून टाकतील. त्यांचे आभार माना आणि त्याऐवजी खरेदीच्या दिवशी सोबत यायला सांगा. लॅमिंग्टन रोडवरून मॉनिटर आणि यूपीएस आणायला आणखी दोन हात लागतीलच.