सासुरवास ‘होतो’ की ‘करतात’?

एका वाचक मैत्रिणीने विचारलंय: आजी ‘सासुरवास काढला’ म्हणते, पेपरात ‘विवाहितेचा छळ’ असं येतं. दोन्ही एकच का? आणि तक्रारीत सासुरवास लिहिला तर चालतो का?

सासुरवास म्हणजे मुळात सासरी राहणं, बस. ‘सासुरवाशीण’मध्ये तो साधा अर्थ अजून शाबूत आहे. पण माहेरवास गोडच राहिला आणि सासुरवास जाऊन बसला वनवास-तुरुंगवासाच्या पंगतीत. क्रियापदंही तशीच मिळाली: सासुरवास असतो, होतो, भोगतात, काढतात. दुष्काळ काढावा तसा. आता दुष्काळाची फिर्याद कोण कुणावर करणार?

‘सासूने सासुरवास केला’ असंही म्हणतात, नाही असं नाही. नणंद चालते, जाऊही चालते. ‘नवऱ्याने सासुरवास केला’ म्हणून बघा, कानाला खटकतं. माझ्या आजीला एकदा विचारलं होतं, तेव्हा आजोबा काय करायचे? ‘ते कशाला बायकांच्या मधे पडतील?’ म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

1983 साली भारतीय दंड संहितेत विवाहितेशी क्रूरपणे वागणं गुन्हा ठरवणारं 498-अ कलम आलं. त्यात करणारा म्हणून आधी पती येतो, मग त्याचे नातेवाईक. (आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86.) कायद्याचा शब्द ‘क्रूरता’, पण पोलीस ठाण्यात आणि पेपरात रुळला ‘छळ’, कोल्हापूर-सांगलीकडे ‘जाचहाट’ही. छळाला करणारा लागतोच. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळही हिंसाचारात धरला. आजीच्या लेखी टोमणे म्हणजे घरोघरचा सासुरवास. त्यांनाही आता कायद्यात जागा आहे.

मात्र फिर्यादीच्या मराठीचाही एक छाप आहे: ‘माहेरहून पैसे आणावेत म्हणून घालूनपाडून बोलून, शिवीगाळ करून, उपाशी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ नाव-गाव बदला, मजकूर तोच. मग समोरचा वकील नेमकं म्हणतो, आरोप मोघम आहेत.

म्हणून तक्रारीत सासुरवास खुशाल लिहा, तोंडात तोच शब्द असेल तर. फक्त पुढे कर्ता घाला, दिवस घाला: कपाटाला कुलूप लावून भाकरी आत कोण ठेवायचं, किल्ली कुणाच्या कमरेला असायची, आणि नवरा तेव्हा कुठे बसलेला असायचा.