पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना

अनेक आशीर्वाद.

परवाना हातात आला, आता कोणतं घेऊ, असं विचारलंस. ज्या दोन इंची नळीच्या हलक्या मॉडेलबद्दल तू भरभरून लिहिलंस, ते पहिलं म्हणून घेऊ नकोस. खिशात मावतं म्हणून सगळेच त्याच्यावर भाळतात. पण अर्धा किलोही न भरणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का थेट तळहातावर बसतो आणि करंगळीला मूठच पुरत नाही. थोड्याच गोळ्यांत हात बार उडण्याआधी दचकायला लागतो. ही खोड जडली की सुटता सुटत नाही, म्हणून इतकं आग्रहाने लिहितोय.

पोलादी, मध्यम आकाराचं, चार इंची नळीचं, किलोभर वजनाचं घे. .३५७ मॅग्नमचं मिळालं तर उत्तम. १९३५ मध्ये बाजारात आलेलं हे काडतूस .३८ स्पेशलचंच टरफल तीनेक मिलिमीटर लांबवून केलेलं आहे, त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल बिनधास्त चालतं. उलट मात्र नाही. जास्त दाबाचं मॅग्नम .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये यासाठीच ती लांबी वाढवली. पहिले काही महिने .३८ वरच राहा.

वापरलेलं घेणार असशील तर आधी सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चक्र, उघडून त्यातली सगळी घरं रिकामी आहेत ना, ते स्वतः बघ. मग घोडा, म्हणजे चाप नव्हे तर मागचा छोटा हातोडा, अगदी सावकाश मागे ओढ. तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खटकन जागेवर बसलं पाहिजे, आणि हे प्रत्येक घराला तपासायचं. सिलिंडर पुढेमागे डुगडुगत असेल तर सोडून दे. नळी आणि सिलिंडर यांच्यामध्ये बारीक फट असतेच, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. बार उडताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून बोट कधीही तिथे नको. विकणारा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करत असेल, तर त्याच्याकडून घेऊच नकोस. त्या झटक्याने सिलिंडरचा आधारदांडा वाकतो.

घोडा मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो, नेमही लवकर लागतो, आणि नवशिके तिथेच रमतात. तू डबल अॅक्शन शिक, म्हणजे घोडा आधी न ओढता नुसत्या चापानेच बार काढायला. तो लांब, जड चाप नेम न हलवता ओढता आला, की बाकीचं पुष्कळ आपोआप जमतं. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, घालून याचा सराव कर.

एखादा बार फुसका वाटला तर तिथेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की पुढचं काडतूस मुकाट्याने समोर येतं. मागून दुसरी गोळी गेली तर नळी फुटू शकते.

कुलपाची पेटी, कानाचे मफ आणि चष्मा यांचे पैसे आधी बाजूला काढ. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव. आणि खरेदीआधी रेंजवर प्रशिक्षकासमोर हलकं आणि पोलादी असे दोन्ही प्रकार चालवून बघ, मग मला लिही.