शाळेतील आरोग्यसेवा विषय : वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीत शिकते. शाळेत आरोग्यसेवा हा व्यावसायिक विषय असून तिने तो हौसेने घेतला आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र नाराज आहेत. ‘शेवटी दवाखान्यात मावशीचेच काम करायचे तर शिकायचे कशाला,’ असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरीकडे, ओळखीचा एक क्लासचालक दहावीनंतर सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देण्याची हमी देतो. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक पालक, जि. सांगली

उत्तर : क्लासचालकाची हमी आधी बाजूला ठेवा. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण केल्याखेरीज ती मिळत नाही. या तिन्हींसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते व वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सहा महिन्यांत मिळणारा कागद चौकटीत लावता येईल, नोंदणीसाठी त्याचा उपयोग नाही.

शाळेतील विषयाची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार शिकवला जाणारा हा विषय मुलीला परिचारिका करण्याचा दावा करत नाही. रुग्णाची देखभाल करणारा प्रशिक्षित सहायक घडवणे, एवढाच त्याचा हेतू आहे. आता घरच्या मंडळींच्या आक्षेपाविषयी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला न उठवता त्याची चादर बदलायची असेल, तर त्याला एका कुशीवर वळवून जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यावी लागते, मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर नवी चादर अंथरावी लागते, आणि मग रुग्णाला दुसऱ्या कुशीवर घेऊन जुनी काढून नवी ताणून बसवावी लागते. तिला सुरकुती राहता कामा नये, कारण तासन्‌तास त्याच सुरकुतीवर पडून राहणाऱ्याची कातडी सोलवटते आणि पाठीला जखमा होतात. म्हणूनच अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. रक्तदाब मोजण्याचेही तसेच आहे. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवले नाही, पट्टा बाहीवरूनच गुंडाळला किंवा हात हृदयाच्या पातळीवर टेकवला नाही, तर आकडा चुकतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर गोळी सुरू होऊ शकते. ज्यांना हे हलके काम वाटते, त्यांनी घरात कोणी आजारी पडल्यावर ते नीट करणारी किती माणसे सापडली, हे आठवून पाहावे.

माझी काळजी निराळी आहे. मुलीला काम येण्याइतकेच कामाची हद्द कळणेही आवश्यक आहे. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, औषधाची मात्रा ठरवणे ही कामे तिची नव्हेत. दवाखान्यात गर्दी वाढली की ‘एवढे इंजेक्शन टोच गं’ असे एखादा कंपाउंडरही सहज म्हणून जातो. अशा वेळी ‘मला ते करता येणार नाही’ असे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर सांगण्याचा सराव शाळेने वर्गातच करून घ्यायला हवा. रुग्णालयात नेताना सोबत शिक्षक असतात का आणि मुलींना हिपॅटायटिस-बीची लस दिलेली आहे का, हे पालकसभेत विचारा. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतला भेद मुलीला विचारून पाहिलात, तर शिकवणे कितपत मनावर घेतले आहे ते घरबसल्या समजेल. एरवी जवळ रुग्णालय नाही म्हणून एखाद्या शाळेने केवळ तक्त्यांवर भागवले तर समजून घेता आले असते; परंतु ज्या जिल्ह्यात १८९४ पासूनचे वॉनलेस रुग्णालय आणि १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेली मिरज आहे, तेथे ही सबब पटणारी नाही.

अकरावीच्या शाखेचा विचार मात्र आतापासूनच करावा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. जीएनएमला कला शाखेतूनही जाता येते, इंग्रजी मात्र हवे.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत हायस्कूलमध्ये ‘मेडिकल असिस्टंट’चे शिक्षण घेत आहे. ती साताऱ्याला परतली तर तिला येथे परिचारिका म्हणून काम करता येईल का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : परिचारिका म्हणून नाही, कारण ते शिक्षण तिकडेही परिचर्येचे मानले जात नाही. अमेरिकेतला मेडिकल असिस्टंट मुख्यतः डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करतो. वेळा ठरवणे, नोंदी ठेवणे, विम्याचे कागद पाहणे हे कचेरीतले काम आणि वजन, रक्तदाब, तपासणीची तयारी हे रुग्णापाशी करायचे काम, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. त्याने इंजेक्शन द्यावे की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. आपल्याकडे हेच काम बहुधा कंपाउंडर करतो, आणि तो ते पाहून पाहून शिकलेला असतो. त्यामुळे साताऱ्यातील एखादे डॉक्टर नातीला आनंदाने कामावर घेतील, पण परिचारिका व्हायचे असेल, तर वर सांगितलेल्या तीनपैकी एक अभ्यासक्रम तिला येथे पूर्ण करावा लागेल. प्रवेशाच्या वेळी तिच्या परदेशी शालान्त शिक्षणाचे समकक्षता प्रमाणपत्र मागतील; त्यासाठीचा अर्ज ती परतण्याआधीच करून ठेवावा.