कॅथलिक सासूबाईंच्या महिन्याच्या मिस्सेत मी काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना जाऊन महिना होतोय; त्या वसईच्या, रोज चर्चला जाणाऱ्या. तुम्ही हिंदू घरातल्या. महिन्याच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी घरच्यांच्या वतीने तुम्हीच चार शब्द बोलावेत असं सगळ्यांनी ठरवलंय, आणि त्यांच्या धर्मातलं आपल्याला फारसं कळत नाही म्हणून तुम्हाला धडकी भरलीये. माझी आईही वसईचीच. ती गेली तेव्हा माइकसमोर मला उभं केलं होतं, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

एकच गोष्ट लक्षात ठेवा: त्यांना संत करू नका. तुम्हाला वाटेल, मयताच्या जागी चांगलंच बोलावं. बोला की. पण कॅथलिक माणूस मेलेल्यासाठी प्रार्थना करतो ती एवढ्यासाठीच की तो माणूस अजून वाटेत आहे, देवासमोर उभं राहण्याआधी त्याचं काही धुवायचं-निवळायचं राहिलंय. थेट स्वर्गातच पोचला असेल तर आपल्या प्रार्थनेची त्याला गरज काय? अंत्यविधीच्या मिस्सेतलं प्रवचन म्हणजे मृताचं गुणगान होऊ नये, असा चर्चचा नियमच आहे. घरच्यांपैकी कुणी शेवटी थोडं बोलावं, एवढी मुभा असते. दुसऱ्यांच्या मयतात कुणी ‘देवमाणूस होती हो’ म्हटलं की माझी आई पुटपुटायची, ‘झालं! आता हिच्यासाठी रोझरी कोण म्हणणार?’ रोझरी म्हणजे मरियेची जपमाळ.

मग बोलायचं काय? त्यांची भक्ती दिवसाच्या कुठल्या कामात बसलेली होती, ते सांगा. माझ्या आईचं सांगते म्हणजे अंदाज येईल.

आमची फुलांची वाडी. मोगरा, चाफा, जास्वंद. पहाटेच्या लोकलने टोपली दादरला जायची आणि टोपलीबरोबर आई. रोझरी ती गाडीतच म्हणायची, उभ्याने, एका हाताने टोपली धरून. गणपतीच्या दिवसांत जास्वंदीला भाव यायचा, तेव्हा ती खूश. मरियेच्या माळेचे मणी ओढत गणपतीची फुलं विकायला जाण्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही, आणि मलाही ते मोठं झाल्यावरच लक्षात आलं. तुमच्यासारख्या सुनेने हे असलं काही सांगितलं तर चर्चमधल्या म्हाताऱ्या माना डोलावतील बघा.

रोझरीत ‘नमो मरिया’ ही प्रार्थना 53 वेळा असते आणि दिवसाप्रमाणे ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवायचे असतात: आनंदाचे, दुःखाचे, गौरवाचे. या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली आणि ती गुरुवारी म्हणावीत असं सुचवलं. आईचा गुरुवार तोवर आनंदाच्या रहस्यांचा. कित्येक महिने ती दोन्ही म्हणत होती, आधी जुनी, मग नवी. विचारलं तर म्हणाली, ‘पोपला नाही कसं म्हणू? आणि मरियेला तरी आज सुट्टी कशी देऊ?’ गाडी तेवढी विरारकडून उशिरा आली की तिला बरं वाटायचं.

तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. अर्थ न कळता ती सगळी उत्तरं घडाघडा द्यायची, शेवटपर्यंत विसरली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची रोममधली सभा), म्हणजे 1960 च्या दशकात, मिस्सा मराठीत आली. जुन्या लोकांना लॅटिनचं फार अप्रूप असेल असा आपला समज असतो, पण ती म्हणायची, फादर आता आपल्याकडे तोंड करून बोलतात ते बरंय, आधी नुसती पाठ दिसायची. उपवासाच्या बाबतीत मात्र ती जुनीच राहिली. पूर्वी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 मध्ये पाण्याची सूट मिळाली, 1957 मध्ये तीन तासांचा उपवास पुरे झाला, 1964 पासून एक तास. आईला डायबेटिस निघाल्यावर डॉक्टर आणि फादर दोघांनी समजावलं, तेव्हा कुठे मिस्सेआधी चहा-बिस्कीट सुरू झालं, तेही असा चेहरा करून की आम्हीच तिला पाप करायला लावतोय. शुक्रवारी मांस नाही म्हणजे नाही. सुके बोंबील मांसात मोडत नाहीत ही देवाची कृपा.

संत गोन्सालो गार्सिया तर तिच्या हिशेबी शेजारीच. वसईत जन्मलेला माणूस, 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत झाला. वेलंकनी आणि माउंट मेरीला ती जायची, पण रेशनकार्ड अडलं, म्हैस आजारी पडली, असली कामं गोन्सालोकडे. ‘तो आपल्या गावचा, त्याला सगळं उलगडून सांगावं लागत नाही.’

आणि हो, देवधर्म म्हणजे मऊ स्वभाव असं काही नव्हतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामासाठी मोकळी व्हायला लागली, बोअर मारून टँकरने पाणी उपसलं जाऊ लागलं, विहिरी मचूळ होण्याची भीती सगळ्यांना लागली. तेव्हा हरित वसई या जमीन-पाणी वाचवायच्या चळवळीच्या मोर्च्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे ज्या बायका लाल लुगडी नेसून चालल्या, त्यांत आई होती. धमक्या यायच्या. ती म्हणायची, वाडी गेली तर फुलं कुठून आणू आणि पोरांना काय घालू? भावकीतल्या एका जावेशी तिने बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरला होता, तेही मी मिस्सेत सांगितलं. ती जाऊ पहिल्याच बाकावर होती. ती हसली, मग सगळे हसले.

नातवंडांना बोलायला लावणार असाल तर गुणांची यादी देऊ नका. माझ्या भाच्याने एवढंच सांगितलं की आजी मोबाइलवर रोझरी लावायला शिकली, पण तो मोबाइल फार भरभर म्हणतो म्हणून तिने त्याला ओरडून बंद केला. माझ्या पाच मिनिटांपेक्षा ते लोकांच्या जास्त लक्षात आहे.

तिची एक वही होती. वाण्याच्या हिशेबाची. त्यात मेलेल्यांची नावं आणि तारखा, आणि ज्याची तारीख आली त्याच्यासाठी ती चर्चच्या ऑफिसात मिस्सेचे पैसे भरायची. घरच्यांची नावं होतीच, पण मूलबाळ नसलेली एक शेजारीण होती, वाडीत पाणी शिंपायला येणारा गडी होता, आणि तीन नावं अशी की आम्हा भावंडांत कुणालाच ओळखू आली नाहीत. मी ती तीनही नावं वाचली आणि विचारलं, यांना कुणी ओळखतं का? मागून एक म्हातारे उठले. त्यातला एक त्यांचा थोरला भाऊ होता, तरुणपणी गेलेला. तुमच्या सासूबाईंच्या कपाटात, प्रार्थनापुस्तकात, चष्म्याच्या डबीत जरा शोधा. काहीतरी सापडेल.

आता व्यवहाराचं. फादरांना आधी भेटून वेळ ठरवा. सहसा ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली की बोलवतात. ख्रिस्तप्रसादाची रांग लागेल तेव्हा तुम्ही बाकावर बसून राहिलात तरी काही बिघडत नाही, कुणी वळून बघणार नाही. कागदावर लिहून न्या, तीन-चार मिनिटांच्या वर नको. रडू आलं तर थांबा, घाई करू नका. आभार मानताना गाणाऱ्यांना विसरू नका, ते रुसतात. आणि शेवटचं वाक्य ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ हेच ठेवा. ते तुमच्या तोंडून आलं तर जास्तच चांगलं.

महिन्याच्या मिस्सेनंतर वर्ष झाल्यावर वर्षाची मिस्सा असते, आणि 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी दफनभूमीत मिस्सा होते, कबरी आशीर्वादल्या जातात. त्यासाठी नाव ऑक्टोबरातच ऑफिसात देऊन ठेवा, आणि फुलंही आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्या सकाळी भाव विचारायची सोय नसते.