डोपामाइन बीपी वाढवतं की पाडतं? चेतातंतूंच्या टोकावरच्या रिसेप्टरचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी उभं राहताच बीपी पडतं आणि त्याचं कारण चेतातंतूंच्या टोकावरचे डोपामाइन रिसेप्टर (रासायनिक संदेश पकडणाऱ्या जागा), असं तुम्ही वाचलंत. मग आयसीयूत बीपी वाढवायला डोपामाइनचीच ड्रिप कशी लावतात?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणता रिसेप्टर, कुठे बसलेला आणि डोपामाइन किती, हे तीन प्रश्न वेगळे केले की कोडं सुटतं.

रक्तदाब क्षणोक्षणी सांभाळतात ते सिंपथेटिक, म्हणजे अनुकंपी चेतातंतू. मज्जारज्जूतून निघालेला आवेग वाटेतल्या गँग्लिऑनमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो आणि तिचा तंतू धमनिकेच्या (बारीक धमनीच्या) भिंतीपर्यंत पोचतो. आपण 'टोक' म्हणतो खरं, पण तिथे एकच टोक नसतं. तंतू भिंतीवर फांद्या टाकत पसरतो आणि त्यावर माळेतल्या मण्यांसारखे फुगवटे असतात. प्रत्येक फुगवट्यात नॉरॲड्रेनलिन या संदेशवाहक रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या. आवेग आला की पटलातले कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि काही पिशव्या बाहेरच्या बाजूला रिकाम्या होतात. ते नॉरॲड्रेनलिन समोरच्या स्नायूवरच्या अल्फा-१ रिसेप्टरला लागतं, धमनिका आवळते, बीपी चढतं.

याच फुगवट्यांच्या पटलावर डी-२ जातीचे डोपामाइन रिसेप्टर असतात. जुन्या लिखाणात त्यांना डीए-२ म्हणलेलं सापडेल. डोपामाइन किंवा तसं वागणारं औषध त्यांना लागलं की आतलं जी-आय हे निरोप पोचवणारं प्रोटीन जागं होतं, त्याचा एक तुकडा कॅल्शियमच्या मार्गाला धरतो आणि तो मार्ग पुरता उघडू देत नाही. आवेग तितकेच येत राहतात, पण दर आवेगामागे कमी नॉरॲड्रेनलिन बाहेर पडतं. स्नायूला डोपामाइनने थेट काही सांगितलेलंच नाही. त्याला मिळणारा हुकूम फक्त कमी आवाजात येऊ लागतो. शेजारीच अल्फा-२ रिसेप्टरही असतात, ज्यांच्यामार्फत नॉरॲड्रेनलिन स्वतःचाच स्राव आवरतं. यंत्रणा जवळपास तीच.

हे सिद्ध कसं झालं, तो प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुबक वाटतो. उंदराचा मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करतात, त्याला कृत्रिम श्वासावर ठेवतात आणि मणक्याच्या पोकळीत इलेक्ट्रोड बसवतात. आता मेंदूचा प्रभाव नाही, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत. विजेचे झटके दिले की तंतू उद्दीपित होतात आणि बीपी चढतं. डी-२ चालवणारं औषध देऊन तेच झटके दिले तर ती चढ कमी होते. मग शिरेतून सरळ नॉरॲड्रेनलिन टोचतात, तर बीपी पूर्वीइतकंच चढतं. म्हणजे स्नायू ठीक, त्यावरचे रिसेप्टर ठीक. घटला तो तंतूतून होणारा स्राव. शेवटी डॉम्पेरिडोन देतात. ते डी-२ अडवतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. ते दिल्यावर झटक्यांची चढ परत येते.

अशाच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसते आणि व्यवहारात तीच कामाची: झटके संथ असतील तर डी-२चा लगाम घट्ट बसतो, जलद असतील तर ढिला पडतो, कारण आवेगांचा मारा सुरू झाला की फुगवट्यात कॅल्शियम साठत जातं. आणि तंतूत आवेगच नसतील तर लगामाला आवरायला काही उरत नाही.

म्हणून आडवं असताना या औषधांनी बीपी जेमतेम हलतं. उभं राहिलं की साधारण ५०० ते ८०० मिली रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. ते भरून काढायला शरीराला नॉरॲड्रेनलिनची गरज लागते आणि नेमका तेव्हाच स्राव अडलेला असतो. ब्रोमोक्रिप्टिन, रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल, ॲपोमॉर्फिन या डी-२ चालवणाऱ्या पार्किन्सनच्या औषधांच्या पहिल्या काही डोसांत चक्कर येते ती बरीचशी यामुळे. मेंदूतल्या परिणामाचाही वाटा असतो, पण डॉम्पेरिडोनने ती पुष्कळ कमी होते, यावरून मेंदूबाहेरचा वाटा लक्षात येतो.

मोजायचं असं: ५ मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा दोन्ही. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो पडला असं धरतात. बहुतेक जण नाडी लिहायचं विसरतात, आणि खरी माहिती तिच्यातच असते. समजा आडवं असताना १३०/८० आणि नाडी ७०, उभं राहिल्यावर १००/६८ आणि नाडी ७६. बीपी ३० ने पडलं, नाडी फक्त ६ ने वाढली. ६ भागिले ३० म्हणजे ०.२. हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर संशय चेतातंतूंवर. पाणी कमी पडून बीपी उतरलं असेल तर नाडी चांगली उसळते. डी-२च्या औषधांत ती उसळत नाही, कारण हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंवरही तोच लगाम असतो.

इथे फसायला होतं ते दोन ठिकाणी. बीटा-ब्लॉकर (नाडी संथ करणारं औषध) चालू असेल तर नाडीवरून काहीच ठरवू नका. आणि पार्किन्सनमध्ये हे तंतू आजारानेच झडलेले असू शकतात, तेव्हा गोळी न घेताही हेच आकडे मिळतात. बीपी पडणं गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांतच दिसलं असेल तर गोळीकडे बोट दाखवता येतं. वर्षभरात हळूहळू वाढलं असेल तर बहुधा आजार.

आता ड्रिप. डोपामाइन रक्तातून मेंदूत जात नाही, त्यामुळे जे होतं ते बाहेरच. दर मिनिटाला दर किलो वजनामागे साधारण ०.५ ते ३ मायक्रोग्रॅम या वेगाने दिलं तर दोन रिसेप्टर चालतात. तंतूंवरचा डी-२, आणि मूत्रपिंड व आतड्यांच्या धमन्यांच्या स्नायूवरचा डी-१. हा डी-१ स्नायूत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून वाहिनी थेट सैल करतो, त्याला तंतूची मध्यस्थी लागत नाही. या वेगात बीपी तसंच राहतं किंवा किंचित उतरतं. ३ ते १० मध्ये हृदयावरचे बीटा-१ रिसेप्टर जागे होतात आणि हृदय जोरात चालतं. १० च्या वर डोपामाइन स्नायूवरच्या अल्फा-१ लाच जाऊन लागतं आणि वाहिन्या आवळतात. शिवाय ते तंतूच्या फुगवट्यात शिरून साठवलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं. हे ढकलणं कॅल्शियमच्या वाटेने होत नाही, त्यामुळे डी-२चा लगाम त्याला लागू पडत नाही. या हद्दी कागदावर जितक्या सरळ दिसतात तितक्या प्रत्यक्षात नसतात. एकाच वेगाने दिलेल्या ड्रिपने दोन माणसांच्या रक्तातली पातळी कित्येक पटींनी वेगळी असू शकते.

कमी डोस देऊन मूत्रपिंड वाचवायची जुनी कल्पना २००० साली ३२८ रुग्णांच्या चाचणीत टिकली नाही. २०१० च्या १६७९ रुग्णांच्या चाचणीत डोपामाइनवर असलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांच्या हृदयाचा ठेका बिघडला, नॉरॲड्रेनलिनवर १२ टक्क्यांच्या. म्हणून शॉकमध्ये, म्हणजे बीपी धोकादायक पडतं तेव्हा, आता पहिली पसंती बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलिनला.

डी-१ एकटा चालवला तर काय होतं ते फेनोल्डोपाम या औषधात दिसतं. अमेरिकेत १९९७ साली ते अतिउच्च रक्तदाबासाठी मंजूर झालं. बीपी उतरतं, पण नाडी आणि रेनिन (बीपी वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारं मूत्रपिंडातलं द्रव्य) दोन्ही वाढतात, कारण तंतू मोकळे असतात आणि पडलेला दाब सावरायला धावतात.

गोळ्यांचं सांगायचं तर सुरुवात लहान डोसने करतात: ब्रोमोक्रिप्टिन १.२५ मिग्रॅ रात्री जेवणासोबत, रोपिनिरोल ०.२५ मिग्रॅ किंवा प्रामिपेक्सोल ०.१२५ मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, मग हळूहळू वाढ. रात्रीचा डोस सोयीचा, कारण माणूस आडवा असतो. मात्र त्याच रात्री लघवीला उठताना पडायची भीती सर्वांत जास्त. आधी पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसा, मग उठा. लघवीच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी औषधं आणि छातीदुखीसाठीची नायट्रेट यांची भर पडली की परिणाम आणखी जाणवतो, तेव्हा डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा. बहुतेकांना काही दिवसांत किंवा आठवड्यांत सवय होते. चक्कर येते म्हणून गोळी एकदम बंद मात्र करू नका, त्याने आणखी गंभीर त्रास होऊ शकतो.

डॉम्पेरिडोन मळमळ आणि बीपी दोन्हींना उतारा आहे, पण ते ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबवतं, त्याने हृदयाचा ठेका बिघडू शकतो. ॲपोमॉर्फिनसोबत द्यायचं तर ईसीजी आधी हवा. त्याच्याऐवजी मेटोक्लोप्रमाइड हे डी-२ अडवणारं मळमळीवरचं दुसरं औषध चालणार नाही. ते मेंदूत शिरून पार्किन्सन बिघडवतं.

मग डी-२ अडवल्यावर सगळ्यांचं बीपी वाढायला हवं ना? एरवी निरोगी माणसाचं वाढत नाही. विश्रांतीत या तंतूंभोवती मोकळं डोपामाइन इतकं थोडं असतं की लगाम मुळात ओढलेलाच नसतो. माझ्या मते हा रिसेप्टर रोजच्या नियंत्रणापेक्षा औषधांच्या संदर्भात जास्त महत्त्वाचा आहे. ठळक अपवाद फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीचा: तिथे मेटोक्लोप्रमाइडने बीपी भयानक उसळू शकतं, म्हणून ते वर्ज्य. उलट क्लोरप्रोमाझिन किंवा क्लोझापिन या मनोविकारांवरच्या औषधांनी बीपी पडतं. ती औषधंही डी-२ अडवतात, पण त्याहून जास्त अल्फा-१ अडवतात.

हाच रिसेप्टर चालवून उच्च रक्तदाबाची गोळी करायचे प्रयत्न झाले, कार्मॉक्सिरोल हे त्यातलंच. अडचण अशी की मेंदूतला उलटीची सूचना देणारा भाग रक्त-मेंदू अडथळ्याच्या (रक्तातली द्रव्यं मेंदूत जाऊ न देणाऱ्या भिंतीच्या) बाहेर आहे आणि तिथेही डी-२च असतात. बीपी उतरवायला जेवढा डोस लागतो, तेवढ्यात मळमळही सुरू होते.