कार्ड गावाला, बिऱ्हाड गोव्यात

कुंडईच्या कारखान्यात नवरा, फोंड्याजवळ भाड्याची खोली, पाचवा महिना आणि हिमोग्लोबिन नऊ. ती माझ्याकडे समुपदेशनाला आली ती मात्र रात्री झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं की डॉक्टरांनी गोळ्या देऊन ‘नीट खा’ सांगितलं, आणि काय खायचं ते विचारायला गेली तर एका ‘न्यूट्रिशन कोच’नं पावडरचा महागडा डबा गळ्यात मारला. डब्यापायी घरातली अंडी बंद झाली होती.

“मॅडम, आमचं रेशनकार्ड चंदगडचं, महाराष्ट्रातलं. इथं आम्हाला कोण देणार?”

हा प्रश्न या भागात मी सारखा ऐकते. देतात. गोवा आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यं ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत जानेवारी २०२० पासून आहेत; म्हणजे कार्ड एका राज्याचं असलं तरी रेशन दुसऱ्या राज्यात घेता येतं. कार्ड ‘प्राधान्य कुटुंब’ या गटातलं असेल तर माणशी पाच किलो धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं, तेही फुकट. नवं कार्ड काढावं लागत नाही.

गाठ वेगळीच होती. कार्ड सासऱ्यांच्या नावावर, आणि सगळ्यांचं धान्य सासूबाई गावातच उचलायच्या. दोघांचा वाटा इथं घेता येतो, पण हे सासूला सांगायचं कुणी? ती भेट जवळजवळ त्या एका फोनच्या तयारीतच गेली. तिनं रेशनपासून सुरुवात केलीच नाही. “आई, रक्त कमी सांगितलंय,” एवढंच म्हणाली. तिकडून उत्तर आलं, “मग तुमचं तुम्ही घ्या की तिथं!” नवऱ्यानं फोन केला असता तर भांडणच झालं असतं, असं माझं मत.

अंगणवाडीचं सोपं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने तिथून मोफत आहार मिळणं हा २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे; त्याला रेशनकार्ड लागत नाही. गावच्या अंगणवाडीत नोंद असेल तर सेविकेला सांगून ती इकडे करून घ्यायची.

सल्ल्यासाठी तिला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. बाहेर कुणाकडे जायचं तर आधी दोन गोष्टी विचारा : शिक्षण काय, आणि तुम्ही काही विकता का? आहारतज्ज्ञांनी काही विकलं नाही. लोहाची गोळी ती चहाबरोबर घेत होती, हे मात्र त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत पकडलं. चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. तांबडी भाजी, कुळीथ, सुकट आणि वरून लिंबू. सगळं फोंड्याच्या बाजारातलं.

पावडर बंद झाली, अंडी परत आली. झोप अजून पुरती लागत नाही. डब्यात गेलेल्या पैशांवरून नवरा रोज टोमणे मारतो, म्हणून पुढच्या वेळी त्यालाही बोलावलंय.